हॅम रेडिओ : पटनोंदणी आणि गळती

जून महिना आला की आपल्यापैकी बरेच जण वाड्यावस्त्यांवर फिरून मुलांची नावे पटावर घेतात. पट वाढला की सगळ्यांनाच बरे वाटते. दिवाळीनंतर हजेरीपत्रक उघडले की मात्र दुसरेच चित्र दिसते. नाव आहे, मूल नाही. मूल शाळेत आणणे आणि ते शाळेत टिकवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि पहिल्या कामाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, हे शिक्षकांना निराळे सांगायला नको.

हीच कसोटी एका वैज्ञानिक छंदाला लावून पाहावी असे आम्हाला वाटते. हा छंद म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहन, ज्याला जगभर हॅम रेडिओ म्हणतात. या छंदातली जुनी मंडळी एकत्र आली की एक तक्रार हमखास निघते : नवी मुले आता इकडे येत नाहीत. मग उपाय सुचवले जातात. प्रदर्शने भरवा, परीक्षा सोपी करा, शाळांत व्याख्याने द्या. आमच्या मते या तक्रारीचे निदानच चुकलेले आहे. मुले येतात. ती टिकत नाहीत. आणि ती का टिकत नाहीत याचा शोध घेण्याऐवजी आपण दरवर्षी नवी पटनोंदणी करत राहतो. हा दोष दुसऱ्यांचाच आहे असे नाही. आम्हीही तो केला आहे आणि त्याची हकिकत पुढे येईलच.

हा छंद आहे तरी काय?

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेडिओ लहरींचे काही पट्टे आंतरराष्ट्रीय कराराने हौशी लोकांसाठी राखून ठेवलेले आहेत. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवला की बारा वर्षांवरील कोणीही या पट्ट्यांत स्वतःचे प्रक्षेपण केंद्र चालवू शकतो. प्रत्येक परवानाधारकाला एक ओळखचिन्ह मिळते. भारतातल्या बहुतेक हॅमांचे चिन्ह 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. भारतात पहिला हौशी परवाना १९२१ मध्ये दिला गेला, म्हणजे हा छंद आपल्याकडे आकाशवाणीपेक्षाही जुना आहे.

या केंद्रावरून गाणी लावता येत नाहीत, धंद्याचे बोलता येत नाही, पैसे घेऊन निरोप पोचवता येत नाही. मग करायचे काय? आपण बनवलेल्या किंवा जुळवलेल्या संचातून निघालेली लहर गच्चीवरच्या तारेतून सुटते, जमिनीपासून दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून परतते आणि हजारो किलोमीटरवरच्या एका अनोळखी माणसाच्या तारेत उतरते. तो माणूस उत्तर देतो. दोघांच्या मध्ये कोणतीही कंपनी नाही, मनोरा नाही, समुद्रतळाची केबल नाही. हा अनुभव ज्याने एकदा घेतला त्याला 'मोबाइल असताना हे कशाला?' हा प्रश्न पडत नाही. नदी पोहून जाणाऱ्याला पलीकडे जायला पूल आहे हे ठाऊक असतेच की!

प्रश्न असा आहे, की नव्या मुलाला हा अनुभव येईपर्यंत आपण त्याच्याबरोबर असतो का?

आपत्तीचे आमंत्रण

विज्ञान प्रदर्शनातला हॅम रेडिओचा टेबल अनेकांनी पाहिला असेल. मागे एक तक्ता असतो. भूकंप, पूर, चक्रीवादळ यांत दूरध्वनी बंद पडतात, तेव्हा हॅम मदतीला येतात, असा त्यावर मजकूर असतो. तो खोटा नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चे ओडिशातले महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, या प्रत्येक वेळी हौशी मंडळींनी संच घेऊन काम केले आहे.

परंतु आमंत्रण म्हणून हा मजकूर कच्चा आहे. आपत्ती रोज येत नाही आणि येऊही नये. आठवीतल्या मुलाने या तक्त्यावर भाळून परवाना काढला, तर एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी त्याने करायचे काय? भूकंपाची वाट पाहायची? ज्या कामासाठी त्याला बोलावले ते काम वर्षानुवर्षे त्याच्या वाट्याला येत नाही, आणि तो निमूटपणे निघून जातो.

यातली गंमत अशी, की आपण देतो ती उदाहरणेच नीट पाहिली तर वेगळे काही सांगतात. डिसेंबर २००४ ची त्सुनामी घ्या. अंदमान-निकोबार बेटांवर हौशी प्रक्षेपणाला बरीच वर्षे परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपला चमू घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या. उद्देश काय होता? निव्वळ खेळ. दुर्मीळ ठिकाणाहून बोलणारे केंद्र मिळावे म्हणून जगभरचे हॅम आसुसलेले असतात. त्यांना ती संधी द्यायची, एवढाच. महिनाभर हा खेळ चालू असताना २६ डिसेंबरला त्सुनामी आली, इतर संपर्क तुटला, आणि खेळासाठी उभारलेल्या त्याच संचांवरून आप्तांची खुशाली आणि मदतीचे निरोप जाऊ लागले. त्या दिवशी संच चालू होते, एरियल उभे होते आणि चालवणाऱ्यांचे हात सरावलेले होते, कारण ते आदल्या दिवशीही खेळत होते.

म्हणजे सेवा ही खेळातून आलेली आहे. ज्याला खेळाची गोडी लागली तोच आपत्तीत उपयोगी पडतो. केवळ आपत्तीसाठी नाव नोंदवलेल्या माणसाच्या संचाची बॅटरी त्या दिवशी उतरलेली असण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा आमंत्रण द्यायचे तर खेळाचे द्यावे.

परीक्षा सोपी केली तर?

दुसरा लाडका उपाय परीक्षेचा. अनेक वर्षे हॅम मंडळींमध्ये एक वाद धगधगत होता : मोर्सची कट्टकडकट्ट येणे परवान्यासाठी सक्तीचे असावे की नाही? एका पक्षाचे म्हणणे, की या अटीमुळे तरुण दूर राहतात. दुसऱ्याचे म्हणणे, की अट काढली तर कोणीही सोम्यागोम्या येईल आणि छंदाची रया जाईल.

हा वाद आता बऱ्याच अंशी निकाली निघाला आहे. अमेरिकेने १९९१ मध्ये मोर्सशिवायचा पहिला परवाना सुरू केला. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने लघुलहरींसाठी असलेली मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली. ब्रिटन आणि जर्मनीने त्याच वर्षी आपले नियम बदलले, अमेरिकेने २००७ मध्ये उरलीसुरली अटही काढली. भारताने खालच्या श्रेणीत मोर्स वगळले, पण वरच्या श्रेणीत मिनिटाला आठ शब्दांची अट इतरांनी सोडल्यानंतरही कायम ठेवली.

सोपी परीक्षा गर्दी जमवते यात शंका नाही. पण ती गर्दी राहते का? याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. जपानने १९५० च्या दशकाच्या अखेरीसच मोर्सशिवायची, कमी शक्तीची एक श्रेणी सुरू केली. पुढे ठराविक तासांचा वर्ग करून शेवटी चाचणी दिली तरी परवाना मिळू लागला. जपानी कारखाने सुबक आणि स्वस्त संच बनवतच होते. १९८७ मध्ये एका लोकप्रिय चित्रपटातली तरुण मंडळी बर्फावर घसरताना एकमेकांशी हॅम संचांवरून बोलताना दिसली आणि हा संच हातात असणे ही तरुणांत एक टूम झाली. १९९५ च्या सुमारास जपानमधल्या हौशी केंद्रांची संख्या तेरा लाखांवर गेली होती. जगात दुसरीकडे कोठेही एवढी पटनोंदणी झालेली नव्हती.

आणि मग मोबाइल आला. तेरा लाखांचा आकडा उतरत उतरत चार लाखांच्याही खाली गेला. कारण उघड आहे. यातले बहुसंख्य लोक रेडिओसाठी आलेच नव्हते. ते मित्रांशी बोलायला आले होते, आणि बोलण्याचे अधिक सोयीचे साधन मिळताच गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जे हवे होते ते दुसरीकडे मिळाले. दोष असलाच तर त्या तेरा लाखांना 'हॅम' समजून समाधान मानणाऱ्यांचा आहे.

अमेरिकेत उलटे दिसते. तेथे सुमारे साडेसात लाख परवानाधारक आहेत आणि हा आकडा कोसळलेला नाही. पण तेथला परवाना दहा वर्षांसाठी असतो. पहिल्याच वर्षी संच माळ्यावर टाकलेला माणूसही पुढची नऊ वर्षे यादीत मोजला जातो. म्हणजे हा पट आहे, हजेरी नाही.

तेव्हा मोर्सवाले आणि मोर्सविरोधी, दोघेही एकाच दाराशी उभे राहून भांडत होते. दार किती रुंद असावे एवढाच त्यांचा वाद. आत आलेल्या माणसाला बसायला घोंगडी तरी आहे का, हे पाहायला कोणी मागे वळले नाही.

गळती नेमकी कोठे होते?

आता आमची हकिकत. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षकांनी मिळून मुलांचा एक गट परीक्षेला बसवला. प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेतून घोकंपट्टी करून घेतली. ओहमचा नियम, संक्षिप्त संकेत, नियमावलीतली कलमे, सगळे पाठ. मुले हुशार होती, उत्तीर्ण झाली. आम्ही पेढे वाटले, छायाचित्र काढले, शाळेच्या वार्षिक अहवालात चार ओळी लिहिल्या. आणि आमचे काम झाले असे समजलो.

परवाने हाती यायला बराच काळ गेला. तोवर कोणी दहावीत गेले, कोणी गाव बदलले. ज्यांना परवाने मिळाले त्यांच्याकडे संच नव्हते. एकाच्या वडिलांनी हौसेने हातात धरायचा छोटा संच आणून दिला. दोन वर्षांनी विचारपूस केली तेव्हा त्या सगळ्या गटातला एकच मुलगा लहरींवर होता, आणि त्याचेही कारण आमचे शिकवणे नव्हते. त्याच्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त तारमास्तर राहत होते. तो रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत असे.

ज्याच्या वडिलांनी संच आणला होता त्या मुलाला आम्ही विचारले, की सोडलेस का? तो म्हणाला, "सर, मी बरेच दिवस हाका मारल्या. कोणीच बोलले नाही. एकदा एक काका बोलले, पण ते म्हणाले की माझी पद्धत चुकली. मग मला भीती वाटायला लागली."

या उत्तराने आमचे डोळे उघडले. परवाना हातात पडणे आणि पहिला मनासारखा संवाद होणे, यांच्यामध्ये एक लांबलचक ओसाड पट्टा आहे. गळती तेथे होते. या पट्ट्यात काय काय आडवे येते ते पाहा.

पहिली अडचण एरियलची. ७.१ मेगाहर्ट्झ या हॅमांच्या आवडत्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर असते. साधे अर्ध्या लहरीचे एरियल टांगायचे तर सुमारे २० मीटर तार लागते, मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. चाळीत किंवा सदनिकेत राहणाऱ्या मुलाने ती टांगायची कोठे? गच्ची सोसायटीची, आणि सोसायटीला तार म्हटले की वीज पडण्याची भीती. दुसरी अडचण गोंगाटाची. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्यातले स्वस्त वीजपुरवठे लघुलहरींच्या पट्ट्यांत एवढी खरखर ओततात, की शहरात क्षीण संकेत त्याखाली बुडून जातात. तिसरी अडचण खर्चाची. लघुलहरींवर चालणारा तयार संच शिक्षकाच्या पगारातूनही सहज येत नाही. म्हणून नवखा मुलगा हातातला छोटा संच घेतो. तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. या लहरी सहसा आयनांबरावरून परतत नाहीत, सरळ रेषेत जातात. तेव्हा गावात पुनःप्रक्षेपक नसेल किंवा असून त्यावर कोणी नसेल, तर मुलाच्या वाट्याला नुसती शांतता येते. ज्या आयनांबराच्या गोष्टी सांगून आपण त्याला बोलावले, ते त्याला भेटतच नाही.

आणि चौथी अडचण माणसांची. जुन्या हॅमांची टोळकी वर्षानुवर्षे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी भेटतात. त्यांच्या गप्पांत नवख्याला शिरता येत नाही. शिरला तर त्याचे संकेत, त्याचा क्रम, त्याचा उच्चार यांवर बोट ठेवले जाते. शिस्त हवी हे मान्य. लहरी सगळ्यांच्या आहेत, तेथे गोंधळ चालत नाही. पण पहिलीच्या मुलाने पाटीवर काढलेला पहिला 'ग' वाकडा आला म्हणून आपण पाटी फेकून देतो का?

अमेरिकेतल्या हॅमांच्या भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आहे. नवख्याला हात धरून शिकवणाऱ्या जाणत्याला ते 'एल्मर' म्हणतात. १९७१ मध्ये तेथल्या क्यूएसटी या मासिकातल्या एका स्तंभात एल्मर नावाच्या अशा एका हॅमची आठवण सांगितली गेली आणि ते विशेषनाम पुढे सामान्यनाम झाले. आपल्याकडे गायनात, कुस्तीत, सुतारकामात ही रीत कधीपासून आहे. आमच्या गटातल्या एका मुलाला तारमास्तर भेटले, तो टिकला. बाकीच्यांना आम्ही पुस्तिका दिली.

हाताला काम

ओसाड पट्टा ओलांडायला माणसाइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची मदत होते, ती म्हणजे हाताला काम.

ब्रिटनने २००२ मध्ये 'फाउंडेशन' नावाची पायरी सुरू केली. तिच्यात लेखी भाग सोपा होता, पण त्याबरोबर प्रात्यक्षिक होते. उमेदवाराने देखरेखीखाली संच जुळवायचा, केंद्र शोधायचे, प्रत्यक्ष संवाद करायचा. शक्तीची मर्यादा अवघी दहा वॉट, पण लघुलहरींचे बहुतेक पट्टे पहिल्या दिवसापासून खुले. पुढच्या पायरीवर स्वतः डाख देऊन काहीतरी बनवायचे. आम्हाला हा विचार फार मोलाचा वाटतो. परीक्षा हीच पहिली भेट झाली. परवाना हाती येण्याआधी मुलाच्या तोंडून पहिले वाक्य लहरींवर गेलेले असते. २०२० च्या साथीत परीक्षा घरबसल्या होऊ लागल्या आणि प्रात्यक्षिक बाजूला पडले. घरबसल्या परीक्षेने नावे सोयीने वाढतात. पण जो ओसाड पट्टा प्रात्यक्षिकाने आखूड केला होता तो त्यामुळे पुन्हा लांबतो, असे आम्हाला वाटते.

घरचे उदाहरण याहून चांगले आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी 'बिटएक्स' नावाच्या संचाची रचना सर्वांसाठी खुली केली. परदेशी पुस्तकांतल्या रचनांना लागणारे खास सुटे भाग आपल्या बाजारात मिळत नाहीत, ही भारतीय हॅमांची जुनी रड. फरहान यांनी कोठेही मिळणारे साधे ट्रान्झिस्टर वापरले आणि वेटोळी गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर घेतले! पुढे याच रचनेची तयार पाटी कमी किमतीत मिळू लागली आणि ती भारताबाहेरही हजारो टेबलांवर पोचली. हा संच फार देखणा किंवा अचूक नाही. पण तो बनवताना मुलाला ग्राहक आणि प्रक्षेपक म्हणजे काय हे बोटांनी कळते, आणि बिघडला तर उघडून पाहण्याची हिंमत राहते. विकत घेतलेला खोका कंटाळा आला की माळ्यावर जातो. स्वतः डाख दिलेली पाटी सहसा टाकवत नाही.

येथे एका नव्या पद्धतीचाही उल्लेख करायला हवा. २०१७ मध्ये जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी 'एफटी-८' ही संगणकाच्या मदतीने संदेश पाठवण्याची रीत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांमध्ये दोन केंद्रे आपले चिन्ह, ठिकाण आणि संकेताची ताकद एकमेकांना कळवतात. कानाला गोंगाटाशिवाय काहीही ऐकू येत नाही अशा क्षीण संकेतांतूनही संगणक मजकूर वेचतो. जुने लोक नाक मुरडतात, की यात माणूस माणसाशी बोलतच नाही. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण सदनिकेच्या खिडकीला आठ-दहा मीटर तार बांधून बसलेल्या मुलाला यामुळे पहिल्या आठवड्यातच दूरदेशीचे उत्तर मिळू शकते. ओसाड पट्ट्यातली ती पाणपोई आहे. तिला मुक्काम समजू नये, एवढेच.

हेच टेलर लहानपणी भावाबरोबर हॅम रेडिओत रमले होते. घराच्या छपरावर फिरते एरियल चढवण्याच्या नादात दोघा भावांनी एकदा विटांचे धुराडे छपरालगत साफ पाडले, ही आठवण त्यांनी स्वतःच लिहिली आहे. पुढे ते रेडिओ खगोलशास्त्रात गेले आणि जोडतारकांतल्या स्पंदकाच्या शोधासाठी १९९३ मध्ये रसेल हल्स यांच्याबरोबर नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. प्रश्नपत्रिकेतले शंभर गुण आणि पडलेले धुराडे यांपैकी मुलाला काय टिकवून ठेवते, याचा विचार आपण करावा.

शाळेने काय करावे?

नवख्याच्या घरी जे नसते ते बहुतेक शाळांकडे असते : २० मीटर तार ताणण्याएवढे मैदान, कोणाची परवानगी मागत फिरावे लागणार नाही अशी गच्ची, आणि रोज भेटणारी समवयस्क मुले. नियमांनुसार शाळा-महाविद्यालयांना आणि मंडळांनाही केंद्राचा परवाना मिळू शकतो, मात्र केंद्र पात्र परवानाधारकाच्या जबाबदारीवर चालवावे लागते. प्रत्येक गावात असा माणूस मिळेलच असे नाही. म्हणून आम्ही क्रमच उलटा सुचवतो. परीक्षा शेवटी, ऐकणे आधी.

घरातला जुना रेडिओ घ्या. दुपारी बारा वाजता मध्यम लहरींवर काटा सावकाश फिरवून किती केंद्रे लागतात ते मुलांना लिहू द्या. सूर्यास्तानंतर तासाभराने तेच पुन्हा करा. रात्री दूरची, परभाषेतली केंद्रे लागू लागतात. असे का? दिवसा सूर्यकिरणांमुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर आयनांबराचा 'डी' थर तयार होतो आणि तो या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी वरच्या 'एफ' थरापर्यंत जाऊन परततात. महिनाभराची ही वही म्हणजे सूर्य आणि पृथ्वीच्या वातावरणाचा मुलांनी स्वतः केलेला अभ्यास आहे. त्याला ना परीक्षा लागते, ना खर्च.

त्यानंतर जवळच्या एखाद्या परवानाधारकाला बोलवा. व्याख्यानाला नको, संच घेऊन एका रविवारी मैदानावर. एरियलची तार मुलांनी मोजावी, त्यांनीच ताणावी. २० मीटर हा आकडा कोठून आला हे त्या दिवशी फळ्यावर सांगितले तर ते जन्मभर लक्षात राहील. अंतराळ स्थानकावरून १४५.८ मेगाहर्ट्झवर अधूनमधून चित्रे प्रक्षेपित केली जातात, ती पकडता येतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोने सोडला. हॅम मंडळींसाठी निरोप साठवून पोचवणे हेच त्याचे उद्दिष्ट होते. आपल्याच राज्यातल्या मुलांनी हे केले, हे आपल्या वर्गाला माहीत असावे.

अंतराळवीरांशी बोलण्याचे कार्यक्रमही होतात. २००० च्या डिसेंबरपासून जगभरच्या शाळांनी अंतराळ स्थानकाशी हॅम रेडिओवरून संवाद केला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला तेथे असताना भारतातले विद्यार्थीही त्यांच्याशी असे बोलले. पण स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. या दहा मिनिटांसाठी मंडप घालणारी शाळा दुसऱ्या दिवशी काय करणार आहे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. नाही तर तीही एक पटनोंदणीच ठरते.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. छंद म्हणजे काही नोकरी नव्हे. आलेला प्रत्येक जण राहिलाच पाहिजे असा हट्ट कशाला? आमचा तसा हट्ट नाही. जो मुलगा एरियल ताणायला शिकला, डाख द्यायला शिकला, रात्रीच्या रेडिओचे कारण समजून घेऊन पुढे दुसऱ्या कशात रमला, त्याची आम्ही गळतीत गणना करणार नाही. तो काहीतरी घेऊन गेला. आमचे दुःख त्या मुलाबद्दल आहे, ज्याने बरेच दिवस हाका मारल्या आणि ज्याला कोणी ओ दिली नाही. तो रेडिओला कंटाळून गेला नाही. तो रेडिओपर्यंत पोचलाच नाही.

म्हणून यापुढे कोणी सांगू लागले, की आमच्या वर्गातून यंदा इतकी मुले परीक्षा उत्तीर्ण झाली, तर त्यांचे अभिनंदन करून आपण दोन प्रश्न विचारावेत. त्यांतल्या किती जणांचा पहिला संवाद झाला? आणि तिसऱ्या वर्षी किती जण लहरींवर आहेत? हे प्रश्न आम्ही आता स्वतःलाही विचारतो. पहिल्या गटाच्या बाबतीत आमचे उत्तर लाजिरवाणे होते. सध्याच्या गटात मुले थोडी आहेत, परीक्षेचे नावही अजून काढलेले नाही. दर शनिवारी संध्याकाळी ती शाळेच्या व्हरांड्यात बसून वहीत केंद्रांची नावे लिहितात. तारमास्तर आता फारसे चालत नाहीत, पण त्यांचा जुना शिष्य येतो. एखाद्या मुलाची हाक वाकडीतिकडी गेली, तरी तिला उत्तर मिळेल एवढी सोय झाली, की मगच परीक्षेचे अर्ज भरायचे, असे आम्ही ठरवले आहे.